जिस्ट : पोटातली दुर्मीळ गाठ आणि तिचं निदान

जिस्ट हा आजार फार क्वचित स्वतःच्या नावाने दवाखान्यात येतो. बहुतेकदा तो रक्तक्षय म्हणून येतो. हिमोग्लोबिन सातवर आलेलं असतं, जिना चढताना धाप लागते, आणि काय होतंय विचारलं तर उत्तर मिळतं, "थोडा अशक्तपणा आहे." लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पुरुष असेल तर मूळव्याधीचा संशय घेतला जातो, बाई असेल तर पाळीवर खापर फुटतं. मग कधीतरी शौचाला काळंकुट्ट होतं आणि रुग्ण दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत पोचतो. कुणाच्या पोटात गोळा हाताला लागतो, कुणाचं दोन घासांत पोट भरतं. काहींना तर कसलाच त्रास नसतो. मुतखड्यासाठी सोनोग्राफी करायला गेले आणि जठराच्या बाहेरच्या अंगाला चार सेंटिमीटरची गाठ दिसली, असंही होतं.

या गाठीचं पूर्ण नाव गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. डॉक्टर आणि रुग्ण दोघंही तिला जिस्टच म्हणतात, म्हणून या पुस्तकातही तेच नाव वापरलं आहे. दर वर्षी दहा लाख लोकांमागे साधारण १० ते १५ जणांना ही गाठ होते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. हाच दर ढोबळपणे लावला तर एकट्या आपल्या राज्यात वर्षाला हजार-दीड हजार नवे रुग्ण होतात. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांना अख्ख्या कारकिर्दीत असे मोजकेच रुग्ण भेटणार, त्यामुळे गाठ ओळखायला उशीर होतो यात त्यांचा दोष नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्ण माझ्यासमोर क्वचितच बसतो, माझ्यापर्यंत येतो तो त्याच्या शरीरातून काढलेला तुकडा. त्या टेबलावरून मला जे दिसत आलं ते रुग्णांना, त्यांच्या घरच्यांना आणि फॅमिली डॉक्टरांना मराठीत सांगावं म्हणून हे पुस्तक लिहिलं. माझं म्हणणं एकच आहे. ही गाठ कोणत्या पेशीची आहे आणि त्या पेशीच्या कोणत्या जनुकात कुठे बिघाड झाला आहे, हे कळल्याशिवाय जिस्टचे उपचार नीट ठरवता येत नाहीत. आणि ज्याच्या पोटात गाठ आहे त्याला हे ठाऊक असलंच पाहिजे.

पोटाचा कॅन्सर म्हटलं की आपल्या मनात येतो तो अस्तराचा कॅन्सर, म्हणजे कार्सिनोमा. जठर आणि आतड्यांना आतून मऊ अस्तर असतं आणि त्याबाहेर स्नायूंची भिंत. जिस्ट या भिंतीत वाढते, त्यामुळे तिची गणना सार्कोमा या दुर्मीळ कुळात होते. सुमारे ६० टक्के गाठी जठरात, ३० टक्के लहान आतड्यात, उरलेल्या गुदाशयात आणि इतरत्र. कार्सिनोमासारखी ती जवळच्या लसिका ग्रंथींत सहसा शिरत नाही. पसरलीच तर यकृतात किंवा पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर पसरते. नेहमीच्या केमोथेरपीला ती दाद देत नाही. साठीच्या आसपासच्या माणसांत ती जास्त आढळते, पण तरुणांना आणि क्वचित लहान मुलांनाही होते.

भिंतीतली नेमकी कोणती पेशी बिघडते, हे कळायला मात्र विसावं शतक संपत यावं लागलं. ती हकीकत मला थोडी सविस्तर सांगायची आहे, कारण आज रुग्णाच्या हातात असलेली गोळी थेट त्या हकीकतीतून आली आहे.

स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांना मज्जासंस्थेच्या रचनेवरील कामासाठी १९०६चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. त्यांनी आतड्याच्या भिंतीत, स्नायू आणि मज्जातंतू यांच्या मधोमध, लांबट आणि फाटे फुटलेल्या काही पेशी पाहिल्या होत्या. त्या काय काम करतात याचा उलगडा व्हायला पुढची अनेक दशकं गेली. आज आपण जाणतो की या पेशी आतड्याची लय ठरवतात. जठरात मिनिटाला साधारण तीन आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला साधारण बारा लहरी उठतात, त्या याच पेशींमुळे. काहालच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशींशी जिस्टचं नातं आहे. पण पॅथॉलॉजिस्टना वर्षानुवर्षं ही गाठ स्नायूची वाटत होती. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशींच्या जुड्या दिसायच्या आणि रिपोर्टवर लिहिलं जायचं लायोमायोमा किंवा लायोमायोसार्कोमा. १९८३मध्ये मेझर आणि क्लार्क या दोघांनी दाखवून दिलं की यातल्या अनेक गाठींत स्नायूपेशींची लक्षणंच नाहीत, आणि त्यांनी या गाठींना स्ट्रोमल ट्यूमर म्हणायला सुरुवात केली. गाठ नक्की कशाची हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

उत्तराची एक वाट मांजरांकडून आली. मांजरांना सार्कोमा करणाऱ्या एका विषाणूत १९८६मध्ये एक जनुक सापडलं, त्याला किट म्हणतात. हेच जनुक निरोगी प्राण्यांत आणि माणसांतही असतं, आणि पेशीच्या पृष्ठभागावरचं एक ग्राही प्रथिन तयार करतं. दुसरी वाट उंदरांकडून आली. किट बिघडलेल्या उंदरांच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, त्यांना रक्तक्षय असतो आणि त्यांच्यात मास्ट पेशी जवळजवळ नसतात. नव्वदच्या दशकात लक्षात आलं की या उंदरांच्या आतड्यात काहालच्या पेशीही धड तयार होत नाहीत आणि आतड्याची लय हरवते. जपानमध्ये ओसाका इथे किटामुरा यांची प्रयोगशाळा मास्ट पेशी आणि किटचा अभ्यास करत होती. तिथल्या सेइइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी दोन्ही वाटा जोडल्या. जानेवारी १९९८मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी प्रसिद्ध केलं की जिस्टच्या पेशींवर किट प्रथिन असतं, आणि पाच गाठींत त्यांना किट जनुकात म्युटेशन, म्हणजे रचनेतला बदल, सापडलं.

हे म्युटेशन काय करतं? एरवी बाहेरून एक ठरावीक रेणू येऊन चिकटला की किट पेशीला आत निरोप धाडतं, "वाढ." रेणू सुटला की निरोप थांबतो. जिस्टमध्ये दारावरच्या बेलचं बटण आतच अडकून बसावं तसं होतं. दाराशी कुणी नसताना बेल वाजत राहते आणि पेशी वाढत राहते. मला या संशोधनाचं अप्रूप वाटतं ते एका कारणासाठी. मांजरांच्या विषाणूवर किंवा ठिपक्यांच्या उंदरावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पोटातली गाठ नव्हती. संशोधनाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी हीच हकीकत सांगतो.

तोवर स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे एका वेगळ्याच आजारासाठी रेणू तयार झाला होता. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बिघडलेलं प्रथिन अडवण्यासाठी घडवलेला हा रेणू किटलाही अडवतो, हे प्रयोगशाळेत दिसत होतं. तोच आजचा इमॅटिनिब. मार्च २००० मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी इथे हाइक्की योएन्सू यांनी पन्नाशीतल्या एका बाईंना तो द्यायला सुरुवात केली. जठरातून निघालेला त्यांचा आजार यकृतात पसरला होता आणि आधीचे सगळे उपचार फसले होते. महिनाभराने काढलेल्या पेट स्कॅनवर यकृतातल्या गाठींची चमक मावळली होती. त्याच वर्षी बोस्टनमध्ये जॉर्ज डेमेट्री आणि इतर केंद्रांतले डॉक्टर यांनी १४७ रुग्णांची चाचणी हाती घेतली. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी ठळकपणे आकसल्या. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेत या औषधाला पसरलेल्या जिस्टसाठी मान्यता मिळाली. जनुकातला दोष सापडल्यापासून गोळी हातात येईपर्यंत चार वर्षं. त्याआधी जिस्ट पसरली की रुग्णाच्या हाती सरासरी दीड वर्ष असायचं. त्या पहिल्या चाचणीतल्या रुग्णांत हा काळ पावणेपाच वर्षांपर्यंत गेला.

आता निदानाकडे वळतो. या पुस्तकाची सर्वांत जास्त पानं त्याच विषयाला दिली आहेत.

दुर्बिणीतून पाहिलं तर जिस्टवरचं अस्तर बहुधा ठीकठाक असतं, फक्त खालून काहीतरी वर आल्यासारखा फुगवटा दिसतो. नेहमीच्या चिमट्याने घेतलेला तुकडा अस्तराचाच येतो आणि रिपोर्टवर लिहिलं जातं, "कॅन्सर आढळला नाही." त्या तुकड्यापुरता रिपोर्ट खरा असतो, गाठीबद्दल मात्र तो काहीच सांगत नाही. असा रिपोर्ट हातात घेऊन निर्धास्त घरी गेलेले रुग्ण पुढे मोठ्या गाठीसह परत येतात. फुगवट्याचा उल्लेख असेल तर पुढची पायरी असते एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफी. तिच्यातून भिंतीचे थर वेगवेगळे दिसतात आणि सुई थेट गाठीत घालता येते. सोबत कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला सीटी स्कॅन हवा.

सुईचं नाव निघालं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "नको, हत्यार लागलं की गाठ चाळवते." या भीतीची मी टिंगल करणार नाही. जिस्ट नाजूक असते, रक्ताने भरलेली असते, आणि ती पोटात फुटली तर आजार परत उलटण्याचा धोका खरोखर फार वाढतो. म्हणूनच सुई शक्यतो पोटाच्या त्वचेतून न घालता दुर्बिणीतून, जठराच्या आतल्या बाजूने घालतात. लहान, सहज काढता येणारी आणि स्कॅनवर जिस्टसारखीच दिसणारी गाठ असेल तर कधी सुई न घालता थेट शस्त्रक्रिया करतात. पण गाठ मोठी असेल, अवघड जागी असेल किंवा आधी गोळी द्यायचा विचार असेल, तर तुकड्याशिवाय पुढे जाता येत नाही. फक्त भीतीपोटी तुकडा नाकारला तर चुकीचा उपचार पदरी पडू शकतो.

तुकडा आमच्याकडे आला की त्यावर आयएचसी, म्हणजे ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखणारी तपासणी, होते. सीडी ११७ हा मार्कर किट प्रथिन दाखवतो, आणि डॉग १ हा २००४मध्ये सापडलेला मार्कर उरलेल्या शंका दूर करतो. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: गाठ कुठून निघाली, ती किती सेंटिमीटर आहे, आणि पाच चौरस मिलिमीटरमध्ये विभाजन होत असलेल्या पेशी किती दिसल्या. ती फुटली होती का, हे सर्जनने कळवायचं असतं. आजार उलटण्याचा धोका याच गोष्टींवरून मोजतात. जागेचा फरक किती मोठा आहे पाहा. पाच ते दहा सेंटिमीटरची, संथ विभाजन असलेली गाठ जठरात असेल तर आजार वाढण्याचा धोका सुमारे ४ टक्के. तशीच गाठ लहान आतड्यात असेल तर सुमारे २४ टक्के. "ट्यूमर, काढला" एवढीच नोंद असलेलं डिस्चार्ज कार्ड पुढच्या डॉक्टरला यातलं काहीच सांगू शकत नाही.

इथे नातेवाइकांना एक विनंती. अनेकदा शस्त्रक्रियेनंतर काढलेला भाग बरणीत घालून लॅबपर्यंत पोचवायचं काम घरच्यांवर येतं. तो पुरेशा फॉर्मालिनमध्ये असावा आणि लवकर पोचावा. मोठी गाठ न कापता तशीच बुडवून ठेवली तर फॉर्मालिन आतपर्यंत जात नाही, मधला भाग सडतो, आणि त्याबरोबर जनुकाच्या तपासणीसाठी लागणारा डीएनएही खराब होतो. रिपोर्ट मिळाल्यावर मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड कुठे आहेत हे विचारून ठेवा. परळच्या टाटा मेमोरियलला किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात मत घ्यायला जाताना कागदांइतकीच त्यांची गरज पडते.

सीडी ११७ पॉझिटिव्ह आला की पुष्कळदा सगळे तिथेच थांबतात. माझा आग्रह आहे की थांबू नये. मार्कर गाठ जिस्ट आहे हे सांगतो, गोळी लागू पडेल का ते सांगत नाही. ते म्युटेशनच्या तपासणीतून कळतं. बहुतेक जिस्टमध्ये बिघाड किट जनुकाच्या एक्सॉन ११ या भागात असतो, आणि तिथे रोजची ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब उत्तम काम करते. बिघाड एक्सॉन ९मध्ये असेल तर पसरलेल्या आजारात ८०० मिलिग्रॅमपर्यंतचा डोस विचारात घेतात. २००३मध्ये कळलं की काही गाठींत किट ठीक असतं आणि त्याचं भावंड म्हणावं असं पीडीजीएफआरए जनुक बिघडलेलं असतं. त्यातलं डी८४२व्ही हे म्युटेशन इमॅटिनिबला बधत नाही. अशा रुग्णाने महिनोन्‌महिने गोळी घेतली तरी सूज आणि मळमळ यांपलीकडे हाती काही लागत नाही. या म्युटेशनवर चालणारं अव्हाप्रिटिनिब हे औषध २०२०मध्ये अमेरिकेत मान्य झालं. तपासणीला खर्च येतो, रिपोर्टला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. पण जी गोळी वर्षानुवर्षं घ्यायची आहे ती लागू पडते की नाही हे आधी पाहणं, हा माझ्या मते यातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे.

शस्त्रक्रियेबद्दल इथे थोडक्यात लिहितो, कारण त्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. गाठ पसरलेली नसेल तर ती पूर्ण आणि न फोडता काढणं हाच बरं होण्याचा मार्ग. ग्रंथी खरवडून काढायची सहसा गरज नसते, आणि पुष्कळदा जठराचा छोटा भाग काढून भागतं. गुदाशयात किंवा अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर गाठ असेल तर सहा ते बारा महिने आधी गोळी देऊन ती आकसवतात, म्हणजे अवयव वाचतो. ज्यांना धोका जास्त आहे त्यांनी शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षं गोळी घ्यायची. योएन्सू यांच्याच गटाने २०१२मध्ये दाखवलं की पाच वर्षांनी तीन वर्षंवाल्या गटातले ९२ टक्के रुग्ण हयात होते, एक वर्षवाल्या गटातले सुमारे ८२ टक्के.

गोळीवरच्या रुग्णांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, कधी बंद होईल?" आजार पसरलेला असेल तर खरं उत्तर असं, की काम करते आहे तोवर नाही. फ्रान्समध्ये आजार आटोक्यात असलेल्या रुग्णांची गोळी थांबवून पाहिली, तेव्हा बहुतेकांचा आजार पुन्हा डोकं वर काढू लागला. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात, जुलाब होतात. जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर गोळी घेतली तर त्रास कमी होतो. बाकीच्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात, पण त्यासाठी त्रास सांगायला हवा. सोबत काढा, चूर्ण, दुसरी कुठलीही औषधं चालू असतील तर तीही सांगावीत. काही पदार्थ यकृतातल्या एकाच यंत्रणेवर ताण देऊन रक्तातलं औषधाचं प्रमाण बदलतात.

स्कॅनची एक फसगत मुद्दाम नोंदवतो. गोळी लागू पडल्यावर गाठ आधी आतून मऊ आणि पाणीदार होते. आकार तेवढाच राहतो, कधी थोडा वाढलेलाही दिसतो. फक्त सेंटिमीटर मोजणारा म्हणेल की औषध फसलं, आणि काम करणारी गोळी बंद होईल. म्हणून जिस्टमध्ये घनताही पाहतात. ती १५ टक्क्यांनी उतरली तरी औषधाचा गुण आहे असं समजतात. पहिला स्कॅन आणि ताजा स्कॅन एकाच रेडिऑलॉजिस्टसमोर शेजारी शेजारी असावेत, एवढं रुग्णाने पाहावं.

ही गोळी आपल्याकडच्या सामान्य माणसाला परवडते, यामागे एक न्यायालयीन लढा आहे. मूळ कंपनी नोव्हार्टिसच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या गोळीचा ८ ते १० हजार. इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपावर नोव्हार्टिसने भारतात पेटंट मागितलं होतं. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. २००५मध्ये बदललेल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)नुसार, माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप अधिक गुणकारी असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्याला पेटंट मिळत नाही. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात असलेल्या न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचं अपील फेटाळलं. त्याच कंपनीच्या साहाय्य योजनेतून देशातल्या हजारो रुग्णांना गोळी मोफत मिळत होती, हेही नोंदवायला हवं. पण मोफत योजना ही देणाऱ्याची मर्जी असते, आणि औषधाच्या दुकानात परवडणाऱ्या किमतीला मिळणारी गोळी हा रुग्णाचा आधार असतो. मी हा निकाल जिस्टच्या उपचारांतली एक मोठी घटना मानतो.

पुढे अनेक रुग्णांत साधारण दोनेक वर्षांनी गाठीत नवं म्युटेशन तयार होतं आणि इमॅटिनिबचा गुण ओसरतो. मग सुनिटिनिब, त्यानंतर रेगोराफेनिब, आणि २०२०पासून रिप्रेटिनिब, असा क्रम आहे. या पुढच्या औषधांचा गुण सहसा इमॅटिनिबपेक्षा बराच कमी काळ टिकतो. पुस्तकात हे मी आडपडदा न ठेवता लिहिलं आहे, कारण घर चालवणाऱ्या माणसाला हा हिशेब माहीत असावा लागतो.

शेवटचं प्रकरण अशा गाठींचं आहे ज्यांत किटही ठीक असतं आणि पीडीजीएफआरएही. मुलांत, विशेषतः मुलींत, आणि तरुण स्त्रियांत जठरात अनेक गोळ्यांच्या रूपाने वाढणारी ही जिस्ट पेशीच्या ऊर्जानिर्मितीशी संबंधित एसडीएच जनुकांच्या बिघाडातून येते. सीडी ११७ तिच्यातही पॉझिटिव्ह येतो, म्हणून एसडीएचबीची वेगळी आयएचसी करावी लागते. ती ग्रंथींत जाऊ शकते, इमॅटिनिबचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही, पण पसरूनही पुष्कळदा वर्षानुवर्षं संथ राहते. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीचं जठर घाईने काढून टाकायच्या आधी थांबून विचार करावा लागतो. हा दोष घराण्यात असू शकतो, तेव्हा आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करावी लागते. अमेरिकेत बेथेस्डा इथे २००८पासून अशा मुलांसाठी वेगळं क्लिनिक भरवायला सुरुवात झाली, आणि तिथे जमलेल्या गाठींच्या अभ्यासातून यातलं बरंच कळलं. पुस्तकातलं हे सर्वांत छोटं प्रकरण आहे, कारण या मुलांना द्यावं असं खात्रीचं औषध अजून नाही. पुढच्या आवृत्तीत मला ते नव्याने लिहावं लागो, अशी माझी मनापासून इच्छा आहे.